किसनदादांची पार्टी

अर्ज भरण्यात आपण चुकत नाही, असा माझा समज होता. तो कसा मोडला ते सांगतो.

कर्जतची आमची छोटी संस्था गावोगावच्या कलाकारांना कार्यक्रम मिळवून देते. मालती, माझी बायको, ती चालवायची. ती गेल्यापासून मी बघतो. साजगावच्या सुनंदाताई भीमगीतं गातात. सरकारी कार्यक्रमांसाठीचा त्यांचा अर्ज त्या सांगतील तसा मीच भरला होता. तो बाद झाला, तर वर्षभराचे कार्यक्रम हातचे जाणार होते.

निवडीच्या दिवशी आम्ही दोघं गेलो, तेव्हा निवड करणाऱ्या बाईंनी विचारलं, "अर्जदार किसनदादा कुठे आहेत?"

"ते वारले. नऊ वर्सं झाली," ताई म्हणाल्या.

"मग अर्ज त्यांच्या नावाने कसा?"

"गाण्याची पार्टी त्यांचीच हाय. त्यांनी शिकवलं, मी नुसती गाते."

"असा अर्ज चालत नाही. शिफारस मालतीबाईंची दिसते. त्यांना बोलवा."

सही माझी होती, पण खाली नाव सवयीने तिचं लिहिलं होतं.

"ती गेल्या वर्षी गेली," मी म्हणालो.

बाईंनी कोरा अर्ज पुढे सरकवला. "आता हयात माणसांची नावं लिहा."

ताई माझ्याकडे झुकून हळूच म्हणाल्या, "भाऊ, तुमची पण पार्टी वहिनींचीच हाय की."