टायर, बर्फ आणि ह्यांचा डावा कान

मी मूळची नाटे गावची, खाडीच्या तोंडावर आमचं घर. बाबांची लाँच होती आणि आमचे हे त्या लाँचीचं इंजिन सांभाळायला होते, तिथूनच आमचं लग्न जुळलं. इंजिन ह्यांच्या डाव्या अंगाला, आणि लाँच समुद्रात गेली की ते धडधडतंय ते धडधडतंयच, त्यात ह्यांचा डावा कान गेला. पार नाय गेला, पण गेलाच म्हणायचा. पुढे मासळी कमी झाली, लाँच विकली, आणि ह्यांनी लायसन काढून एक जुना ट्रक घेतला. क्लीनर काय टिकेनात, नुसते झोपा काढायचे मेले, म्हणून मुलीचं लग्न झाल्यावर मीच डाव्या सीटवर बसायला लागले. डावीकडून कोण येतंय, गटार किती लांब, हे मी सांगायचं आणि ह्यांनी चालवायचं. बाई ट्रकात बसते म्हणून वाडीतल्यांनी काय काय बोलून घेतलं. बोला म्हटलं. ट्रक पंक्चर झाला तं तुमच्यातला कोण यायचा नाय.

तं काय झालं, मिरजोळ्याच्या एका कारखान्याचे आंब्याच्या रसाचे डबे हिमाचलात पोचवायचे आणि येताना सफरचंद भरून आणायचे असं काम मिळालं. दिवाळीनंतर जायचं, म्हणजे तिकडे वर बर्फ पडायचा टाइम. आमचे टायर गुळगुळीत, बदलायलाच हवे होते. तेवढ्यात मध्ये शिरला माझा दीर, विलास. मुंबईला फ्रीज दुरुस्त करतो, एवढाच काय तो त्याचा बर्फाशी संबंध. पण सांगतो कसा, वहिनी, बर्फातलं तुम्हाला काय कळणार, टायर मी निवडतो. आणि आमच्या ह्यांना भावापुढे तोंड नाय.

दुकानात गेलो, तं दुकानदार विलासशी बोलतोय, ह्यांच्याशी बोलतोय, मी म्हणजे भिंतीवरचं कॅलेंडर. मी विचारलं, हे टायर चालताना आवाज किती करतात? तं तो विलासकडे बघून म्हणतो, वहिनींना गाणी ऐकायची असतील. दोघं हसले. कशाला विचारते, ते एकानं पण विचारलं नाय. मग दुकानदारानं बोटभर खोल खाचा दाखवल्यान आणि म्हणतो, हत्तीचा पाय आहे, बर्फात घसरणार नाय. ज्यानं जन्मात बर्फ बघितलान तो सरबताच्या गाडीवर, तो मला बर्फ शिकवतोय. विलास म्हणतो, हेच घेऊ, आणि आमचे हे मुंडी हलवतायत. बसवले ते टायर.

हिमाचलाच्या आधी पहिली फेरी कोल्हापूरची होती. डांबरी रस्ता लागला तशी त्या टायरांनी जी घरघर लावली, पिठाच्या गिरणीत बसल्यासारखं वाटायला लागलं. साखरपा सोडला, आंबा घाट चढायला लागलो. एका वळणावर डावीकडून मोटारसायकल आत शिरली, मागे बाई, तिच्या मांडीवर पोर. मी म्हटलं, अहो, डावीकडे आहे. ह्यांना ऐकूच नाय गेलं. ओरडले, तं माझं मलाच ऐकू येईना, आणि ट्रक आपला डावीकडे येतोच आहे. शेवटी ह्यांचा दंड धरून खेचला तेव्हा ब्रेक लागला. मोटारसायकल गटारात. धावत गेले, तं बाई मातीत बसलेली, पोर छातीशी धरलेलं, नवरा गाडी उचलतोय. खरचटलं होतं, बाकी देवाची कृपा. तिनं पोराचे हातपाय चाचपले आणि माझ्याकडे बघितलंन. शिव्या दिल्या असत्यान तं बरं झालं असतं.

परत केबिनमध्ये चढले तं हे स्टेअरिंग धरून बसलेले. म्हणाले, तू बोलली नाय कशी गो?

म्हटलं, बोलले. पण तुमच्या भावाचे टायर माझ्यापेक्षा मोठ्यानं बोलत होते.

कोल्हापूरला माल उतरवला आणि मी सांगितलं, ह्या टायरांवर मी पुढे येणार नाय, तुम्हाला जायचं तं भावाला बसवा शेजारी. मग ढाब्यावर गेले आणि उत्तरेकडचे ड्रायव्हर होते त्यांनाच माझ्या मोडक्या हिंदीत विचारलं. एक हिमाचलचा निघाला. त्यानं सांगितलंन, खोल खाचा चिखलाला आणि खाणीला, बर्फाला नाय. बर्फाला मऊ रबर पायजे, ठोकळ्या-ठोकळ्यांची नक्षी आणि त्यावर बारीक काप, ते काप बर्फ धरतात, आणि आवाज पण कमी. मी म्हटलं, ऐकवा. भला माणूस, ह्यांच्या हातात त्याच टायरांची आपली गाडी दिलान. हायवेला लागल्यावर मी डावीकडून हळूच म्हटलं, जेवायला काय करू? हे म्हणाले, बांगडा मिळाला तं बघ. तसलेच टायर घेतले. विलासचे हत्तीचे पाय एका चिऱ्याच्या खाणवाल्याला देऊन टाकले, तिथे ओरडू देत.

आणि हिमाचलात पडलाच बर्फ. सफरचंद भरून उतरत होतो, पुढचे दोन ट्रक रस्त्यात आडवे झालेले, ते बाजूला होईपर्यंत थांबलो आणि मग खालच्या गिअरमध्ये पावलापावलानं निघालो. सगळीकडे पांढरं, रस्ता कुठे संपतो कळत नाय. डाव्या बाजूला कठड्याचा एक दगड दिसला आणि पुढचा दिसेना. मी म्हटलं, थांबा. ओरडले नाय, नुसतं म्हटलं. ह्यांनी ब्रेक दाबला आणि गाडी जागच्या जागी उभी, जरा पण सरकली नाय. उतरून काठीनं टोचलं तं काठी आत गेली ती गेलीच. रस्त्याखालची मोरी खचलेली, वर नुसता बर्फाचा पापुद्रा. मागे घेतली, उजवीकडून काढली. खाली येईपर्यंत मी कठड्याचा एकेक दगड सांगत गेले.

शिमग्याला विलास गावी आला, तं देवळासमोर बसून लोकांना सांगतोय, दादाला बर्फातले टायर मी निवडून दिले. लोकं माना हलवतायत. मी तिथेच उभी. कोणाकोणाला सांगत बसणार, आणि ऐकणार कोण?

आता ह्यांचा उजवा कान पण उतरलाय. मुलीनं हट्ट करून दोन्ही कानांना मशीन बसवून घेतलंन. ते घालून पहिल्या दिवशी ट्रकात बसले, मी आपलं नेहमीसारखं सांगतेय, डावीकडे रिक्षा, मेला मध्येच घुसतोय. तं माझ्याकडे वळून म्हणाले, तू सारखी अशी चिडून बोलतेस काय गो?

म्हटलं, इतक्या वर्षांनी कळलं काय?

हसायला लागले. चाललंय आमचं. देव ठेवील तवर चालेल.