स्पार्क येईना

सौंसरच्या रिपेरिंगच्या दुकानात फवारणीचा पंप घेऊन बसलेल्या वंदनाताई मोबाइल चाळत होत्या, म्हणजे पुंडलिकराव अन् मिस्त्री गजेंद्रचं बोलणं ऐकत होत्या.

“गजेंद्र, गवत कापाच्या मशीनले नवा प्लग टाकला, तरी स्पार्क नाही. उद्या संत्र्याचा व्यापारी बगीचा पाह्यले येऊन राहिला, अन् गवत कमरेइतकं!”

“काकाजी, या वायरले निंबू-मिरची कोनं बांधली?”

“म्याच. नवी मशीन हाय, नजर लागते.”

“हे इंजिन बंद करायची वायर हाय. तुमच्या दोऱ्यानं ते इंजिनाले टेकली. स्पार्क कसा येईन?”

गजेंद्रनं दोरा कापून वायर मोकळी केली अन् स्टार्टरची दोरी ओढली. मशीन धडधडली.

“पाह्यलं? निंबानं सारी नजर ओढून घेतली! आता ताजा बांध, त्याच जागी.”