विडा होईस्तोवर गाडी चालू

—नाय आई, दाराला हात नका लावू, अजून गाडी बंद नाय केली मी. आणि तुमचा विडा कुठं झालाय? चंची तशीच मांडीवर. लावा, सावकाश लावा. आपला नेम काय हाय — गाडी थांबली की सकुबाईंनी चंची उघडायची, पान पुसायचं, चुना, कात, सुपारी, आणि विडा गालात गेला की सुनेनं चावी फिरवायची. तवर कुणी उतरायचं नाय. वाशिंदला कंपनीत सोडते त्या बायापण शिकल्यात आता. तुमी गाडीत नसलात तरी विचारतात, "रेश्मा, झाला का गो तुझ्या सासूचा विडा?" — मी म्हणते झाला, मंग उतरतात… हसू येतंय मला. का येतंय? काय नाय, असंच. सकाळी भाकरी थापतानापण येत होतं. तुमी बघत होतात, माझ्या पाठीला कळलं ते.

हे मुरबाडच. बाजार पुढं राह्यला, बरोबर. हे भगीरथचं गॅरेज. तेल बदलायला आलो ना आपण — म्हंजे मी तुमाला तसं सांगून आणलं. शटर? हा, बंद हाय शटर. आज सुट्टी असते त्याची. मंग सुट्टीच्या दिवशी का आलो, बरोबर विचारलंत. सांगते. सगळं सांगते. तुमी पान पुसा.

आधी गाडीचं सांगते, ते सोपं हाय. तुमी नेहमी म्हणता, जागेवर उभी गाडी चालू ठेवतेस, डिझेल काय झाडाला लागतं का? नाय लागत. पण ह्या गाडीला टर्बो हाय आई. टर्बो म्हंजे इंजिनाची फुंकणी — तुमी चुलीत फुंकता तसा तो आत वारा फुंकतो, म्हणून तर आठ बाया बसवून डोळखांबचा चढ चढते ती. पण फुंकणीला आत बारकासा पंखा असतो, तो धुराच्या जोरावर फिरतो, नि तापतो असा की विचारू नका. त्याला थंडावा कुणाचा? तेलाचा. चढ चढून आलो नि खटकन चावी फिरवली की तेल थांबलं, पंखा तापलेलाच, मंग आतलं तेल कढईच्या बुडाला जळतं तसं जळतं नि काळी खरपुडी धरते. रोज थोडी, रोज थोडी. एक दिवस तेलाची वाटच बंद. म्हणून थांबल्यावर तुमच्या विड्याएवढा वेळ चालू ठेवायची. वाशिंदच्या ज्या साहेबाकडून आपण ही जुनी गाडी घेतली ना, तो हेच करायचा — गेटात आला की खटकन बंद, नि तेल बदलायचं नाव नाय. वरून गाडी कशी, नवरीसारखी! आत सगळी खरपुडी. गाडी घेताना आपण काय बघितलं? रंग बघितला. तुमी सीटवर हात फिरवून म्हणालात, मऊ हाय, घे.

ऐकताय ना? सुपारी नंतर कातरा, इथून पुढचं महत्त्वाचं हाय. आता मी म्हणते, ह्या सगळ्यात चूक तुमची हाय. हसून म्हणते, रागावू नका! म्हसा गावची जत्रा आठवते? तुमाला घोंगडी घ्यायची होती. निघायच्या आधी मी आंघोळीला गेले, तवर तुमी काय केलंत? — गाडी लांब चाललीय, हिला तेल कमी नको, म्हणून भातशेतीच्या पंपाचं उरलेलं तेल आणून गळ्यापर्यंत ओतलंत. ते घट्ट, काकवीसारखं! आणि मला सांगतलंपण नाय, वर झाकण लावून हात पदराला पुसलात. तिथून म्हशापर्यंत काय तो धूर, बाय! निळा निळा. मागचे बैलवाले शिव्या घालत होते, पुढचे लोक वाट सोडत होते, नि तुमी मागं बसून म्हणता, "बघ, लोक कसं मान देतात." मान! जत्रेत मिठाईवाल्यानं ताटावर फडकं टाकलं आपल्याला बघून.

तिथं हा भेटला. भगीरथ. जत्रेत आला होता, खिल्लारी बैल बघायला. धूर बघून धावत आला नि पहिला शब्द काय बोलला माझ्याशी — "बाय, आधी बंद करा ती!" असं ओरडला की मी रडकुंडीलाच आले. मंग त्यानं तेल मोजायची कांडी काढली, बोटावर तेल घेतलं, वास घेतला, नि म्हणाला, पंपाचं तेल कुणी घातलं? मी तुमच्याकडं बघितलं, तुमी घोंगडीवाल्याकडं बघितलंत. माझ्या तेवाच ध्यानात आलं. पण मी काय म्हणाले? म्हणाले मीच घातलं. हा आई. मला वाटलं चारचौघांत कशाला. त्याला नंतर खरं सांगतलं, तर हसून हसून टायरवर बसला.

मंग गाडी ओढून इथं आणली. त्यानं सगळं तेल काढलं, टर्बोला तेल नेणारी बारकी नळी असते ती बदलली, आतला गाळ दाखवला मला — काजळच ते. म्हणाला, वेळेत आलात, पंखा वाचला. मी म्हणाले, वेळेत नाय, सासूनं आणलं. आणि बघा ना, तुमी ते तेल ओतलं नसतंत तर धूर झाला नसता, धूर झाला नसता तर कुणी बघितली नसती, नि एक दिवस चढावर टर्बो फुटला असता. म्हंजे गाडी तुमीच वाचवलीत. आणि… नाय, फक्त गाडी नाय.

तेवापासून मी सगळं नेमानं करते. सकाळी चालू केली की लगेच दामटायची नाय. दर रविवारी कांडी बघायची. कंपनी सांगते त्याच्या आधीच तेल बदलायचं, जुन्या गाडीला जास्त जपायचं. तो म्हणतो, तेल आणि फिल्टर दोन्ही संगतीनं बदला, एक नवा नि एक जुना चालत नाय. तर मी येते. बदलायला येते. बघायला येते. कधी कधी आवाज आला असं वाटतं, म्हणून येते… बरं, नाय येत आवाज. कायपण आवाज नाय येत. गेल्या वेळी तोच म्हणाला, "रेश्मा, ह्या गाडीला आता तेलाची काय गरज नाय, घरच्या देवाची पणती भरता येईल असलं स्वच्छ हाय." — म्हणून मी आपली तशीच बसून राह्यले. तोपण बसला.

गॅरेजला लागून त्याची खोली, तिच्या ओटीवर उभा हाय बघा. तोच. पांढरा शर्ट. हात बघा कसे लखलखीत, आज रॉकेलनं धुतले असतील नि मंग साबणानं. खुणा काय करतो? बंद कर म्हणतो. त्याला वाटतं गाडीत काय बिघडलं, एवढा वेळ कुणी चालू ठेवतं का, तेपण बरं नाय म्हणे. — थांब रे! थांब जरा, विडा नाय झाला! — जा आत! … गेला. चहा उतू गेला असेल त्याचा.

तुमच्या पायाखाली ती लोखंडी पायरी हाय ना, दाराशी? मी सांगतलं होतं बाजारातून आणली. खोटं. त्यानं बनवली. एकदा मी सहज म्हणाले, आईंचे गुडघे दुखतात, चढताना माझा खांदा धरतात. पुढच्या वेळी पायरी तयार. तुमची उंची विचारली नाय, म्हणाला, जत्रेत बघितलंय ना, धुरात उभ्या होत्या त्या. आणि तुमी त्या दिवसापासून खांदा नाय धरलात माझा. मला जरा वाईटच वाटलं तेचं.

आई, मला पाट लावायचाय. त्याच्याशी.

बोलले. बाय बाय, बोलले! बघा, हसू थांबत नाय माझं, ही काय रीत हाय सांगायची? घरात सांगणार होते, तिकडं भिंतीवर दिनेशचा फोटो, मला तोंडच उघडता येईना. आणि इथं तुमी उठून जाऊ शकत नाय ना, विडा होईस्तोवर. म्हणून इथं. दिनेशला मी विसरले नाय आई. काविळीत त्याचे पाय तुमी धरले होते नि डोकं मी. तुमचा मुलगा होता, तुमी जास्त रडलात, मला कमी रडायला मिळालं, कारण तुमाला कोण बघणार होतं? पण मी तुमाला सोडून नाय जात कुठं. भगीरथ म्हणतो, तोच येईल आपल्याकडं, त्याला मागं कुणी नाय, गॅरेजला काय, रोज येता येतं. मी सांगतलं त्याला, आई हो म्हणाल्या तर, नायतर तू मेकॅनिक नि मी गिऱ्हाईक. लोक काय म्हणतील? म्हणतील सकुबाईला सुनेसंगती जावईपण मिळाला! तुमच्या आतेबहिणीनं नाय नवरा गेल्यावर पाट लावला? तिचं काय वाईट झालं?

बोला ना कायतरी. शिव्या द्या. नायतर नाय म्हणा, मी गाडी वळवते, घरी जाऊ, परत हा विषय नाय काढणार. खरंच नाय काढणार.

आई… विडा तर झालाय तुमचा. कधीच झालाय. गालात हाय. मंग हे दुसरं पान कुणाला पुसताय? मी नाय खात. दुसरा विडा तुमी दिनेशला लावायचात. तो गेल्यापासून चंचीतून दुसरं पान काढलंच नाय तुमी…

काय? भगीरथला चुना किती? … कमी. अगदी बोटाच्या टोकावर, जास्त झाला की जीभ पोळते त्याची. आणि कात नको, सुपारी बारीक लागते त्या—

मला कसं ठाऊक? … आई! … बंद करते गाडी. केली. उतरा आता, पायरी बघून उतरा, आणि माझ्याकडं बघू नका.