कडूताईचा दाखला

…तर मी म्हटलं, मॅडम, एक दाखला निघेना म्हणून अठरा दिवस झाले मी बोंबलतोय, आणि तुम्ही म्हणता तिचे चारशे बारा दाखले आहेत? कुणी दिले? आमच्या ग्रामपंचायतीला कळवलं का?

तुम्हाला सांगतो, डोकंच फिरलं माझं! कडूताई, म्हणजे माझी थोरली बहीण, पुण्यात या मॅडमच्या हाताखाली कॅन्सरचा अभ्यास करायची. एकाच घरात आजीला गाठ, आईला गाठ, लेकीला गाठ, असं का होतं, रक्तातून काय उतरतं, ते शोधायची. तर मॅडम म्हणतात, "अरे कल्याण, तो दाखला नाही रे! जगातले शास्त्रज्ञ स्वतःचं लिहिताना तिच्या पेपरचा दाखला देतात. कडूबाईंनी हे दाखवून दिलंय, असं लिहितात." आता घ्या! जपानचा माणूस कर्जत तालुक्यातल्या कडूबाईचा दाखला देतो, आणि मी इथं दाखला, दाखला करत चपला झिजवतोय!

नाव कडूबाई का? आधीची दोन लेकरं जगली नाहीत, म्हणून आजीनं कडू नाव ठेवलं. कडू असलं की यम तोंड लावत नाही म्हणे. लावलं की! आणि कशानं गेली विचारा… कॅन्सरवर सतरा पेपर लिहिले बाईनं, आणि सुट्टीला घरी आली ती डेंगीनं गेली. डासानं! नगरला न्यायला गाडी दारात उभी, आणि ही…

जाऊ द्या. पेपरचं सांगत होतो. आमचे वडील, आण्णा, तिला म्हणायचे, "सतरा पेपर दिलं, अजून पास न्हाई व्हय गं?" ती पोट धरून हसायची. "आण्णा, हे द्यायचे न्हाईत, छापून येत्यात." झालं! तेव्हापासून आण्णा रोज सकाळी स्टँडवर जाऊन वर्तमानपत्र चाळणार. "आजबी न्हाई आलं." अजून जातात हो. परवा म्हटलं, आण्णा, आता कशाला? तर म्हणाले, "एखांदा ऱ्हायला आसंल."

आणि राहिलाय! अठरावा. सगळा तिनंच लिहिलेला. पण छापायचा तर त्यावर ज्यांची ज्यांची नावं आहेत, त्या सगळ्यांच्या सह्या लागतात. हिची कुठून आणायची? मॅडम म्हणाल्या, मग ती नाही याचा कागद लागेल. मृत्यूचा दाखला. नाहीतर पेपर तसाच पडून राहील. म्हणजे चारशे बारा दाखले असलेल्या बाईला एका दाखल्यासाठी अडवलंय! आहे की नाही कमाल?

तुम्ही म्हणाल, ग्रामसेवक त्रास देतोय. मीही गावभर तेच सांगत सुटलोय, आबासाहेब दाखला देत नाही, आबासाहेब दाखला देत नाही… खरं सांगू का? आबासाहेब पहिल्याच दिवशी तयार होता. रजिस्टर उघडलं, बोट ठेवलं, म्हणाला, "खबर देणाऱ्याची सही. हितं कर." आणि मी काय केलं? पेन नाही म्हणालो. खिशाला पेन होता! दुसऱ्या दिवशी चष्मा नाही म्हणालो. मला चष्माच नाही! तिसऱ्या दिवसापासून लांबूनच त्याचं दार उघडं दिसलं की मागं फिरायचो. मी सही केली म्हणजे मीच सांगितलं ना, की ती गेली?

आणि ही सही शिकवली कुणी? तिनंच! मी नववीला शाळा सोडलेली. ड्रायव्हिंगचं लायसन काढायचं म्हणून ओट्यावर बसवून शंभर वेळा गिरवून घेतली. "कल्यान न्हाई रं येड्या, कल्याण. तुझा ण बघ, बसलेल्या म्हशीवानी दिसतोय." हसून हसून लोळायची. कधी जमला नाही तो ण.

काल आबासाहेब घरीच आला. "कल्याण, आज इसावा दिस हाय. हितं नोंद एकवीस दिसांतच करता येती. उद्यापस्तोर न्हाई झालं तर तालुक्याला हेलपाटं घालावं लागत्याल बाबा." आण्णा आतून ऐकत होते. बाहेर आले, म्हणाले, "कर सही. तिचा पेपर आडलाय."

केली. काय करता?

"किती प्रती काढू?" आबासाहेब म्हणाला. म्हटलं, एक बस झाली. चारशे बारा दाखले जगानं दिले, चारशे तेरावा मी.

आणि तुम्हाला सांगतो, त्या सहीत ण आला हो… पहिल्यांदाच, अगदी पुस्तकातल्यासारखा! आता दाखवू कुणाला?