देवाने केलेली वाटणी

विनया : पेढे वरच्या डब्यात आहेत वहिनी. खाली आहेत ते कागद. जरा सांभाळून काढा, तूप लागेल.

सुरुची : पेढे आधीच? सही व्हायची आहे ना अजून?

विनया : सहीचे नाहीत हो. बिल्डिंगचा नवा प्लॅन पास झाला, त्याचे. सगळ्यांनीच वाटले.

सुरुची : ठेव तिथे. आज माझा प्रदोष आहे. संध्याकाळी देवापुढे ठेवीन, मग बघू.

आत्माराम : माझा नाही प्रदोष.

सुरुची : तुमची साखर आहे.

आत्माराम : अर्धा. धाकट्या भावाच्या घरचा आहे, नाही म्हणू नये.

सुरुची : पाणी घे विनया. लिफ्ट बंद, चार जिने चढून आलीस. आमच्याकडे टँकरचं पाणी असतं, पण गाळून, उकळून ठेवते हो मी. माणिकपूरसारखं नळाला तोंड लावून पिता येत नाही इथे.

विनया : असं काय बोलता वहिनी? पहिल्यांदा का पितेय मी तुमच्याकडचं पाणी?

आत्माराम : कागद कसला म्हणालीस? रमेश फोनवर सांगत होता काहीतरी, पण त्याचं बोलणं म्हणजे अर्धं तोंडात, अर्धं पोटात.

विनया : हक्कसोडपत्र, भाऊजी. माणिकपूरची खोली अजून मामंजींच्याच नावावर आहे. त्यांच्यामागे वारस दोघे, तुम्ही आणि हे. वकील म्हणतो, करार करायचा तर खोली एकाच्या नावावर हवी. तुम्ही हक्क सोडला की ह्यांच्या नावावर होईल. शनिवारी सगळ्यांचे करार आहेत. बावीस खोल्यांतले एकवीस तयार आहेत. फक्त आम्ही राहिलोय.

सुरुची : म्हणजे आमच्यामुळे अडलंय.

विनया : तसं नाही म्हटलं मी.

सुरुची : म्हणायला कशाला लागतं? नवी जागा किती मिळणार म्हणालीस?

विनया : पाचशे साठ स्क्वेअर फूट. कार्पेट.

सुरुची : तीनशे ऐंशीचे पाचशे साठ. आणि मजला?

विनया : अकरावा. चिठ्ठ्या टाकल्या होत्या, त्यात निघाला.

सुरुची : तुला चिठ्ठ्यासुद्धा चांगल्या लागतात.

आत्माराम : अकराव्यावर वारा काय येईल गं! पंखा लावायला नको.

सुरुची : येऊ दे. आपल्या खिडकीतून मागच्या इमारतीचे संडासाचे पाइप दिसतात, तेवढं पुरे आहे आपल्याला. आणि काय गं, इमारत पाडून बांधेपर्यंत कुठे राहणार?

विनया : जूचंद्रला बघितलंय भाड्याने. भाडं बिल्डर देतो. आणि… ह्यांचं चाललंय, तिथेच एक छोटा फ्लॅट बुक करून ठेवू या म्हणून. तेजसला पुढेमागे होईल. आत्ता त्या बाजूला भाव जरा आवाक्यात आहेत.

सुरुची : एकाची दोन घरं.

विनया : कर्ज काढून हो वहिनी. फुकट कोण देतंय?

सुरुची : माझा जितेश बायकोला घेऊन स्टेशनजवळ भाड्याने राहतो. का, तर चंदनसारहून सकाळी रिक्षा मिळत नाही. मेघना लग्न करून आली आणि तिसऱ्या महिन्यात म्हणाली, ‘आई, माझे दोन तास रस्त्यातच जातात.’ गेली दोघं. रविवारी येतात, पाहुण्यासारखी. मी पानं वाढते, जेवतात, डबा घेतात, जातात. आणि तुझ्या तेजसला एक घर अकराव्यावर, एक जूचंद्रला.

आत्माराम : अगं, तिने काय करावं त्याला?

सुरुची : तिने काही करू नये. तिचं सगळं आपोआपच होतं.

विनया : आपोआप? बारा वर्षं छत गळत होतं वहिनी. पावसाळ्यात पलंगावर पातेली मांडून झोपलोय आम्ही. एकदा सज्ज्याचं प्लास्टर तेजसच्या दप्तरावर पडलं, तो दोन पावलं पुढे होता म्हणून वाचला. तुम्ही श्रावणात यायचात आणि ओलीचा वास आला की पदर नाकाला लावायचात. मला दिसायचं ते.

सुरुची : मला दम्याचा त्रास आहे.

विनया : असेल. पण तेव्हा तुम्हीच म्हणायचात ना, ‘बाई, तू राहतेस कशी इथे? विरार पूर्वेला बघ, सगळं नवं, सगळं मोकळं.’

आत्माराम : तेव्हा सगळेच म्हणायचे. ह्या बाजूला नुसती शेतं होती. दलाल हात लांब करून दाखवायचा, इथे रस्ता, इथे बाग, इथे शाळा. बागेच्या जागी इमारत झाली. शाळेच्या जागी पण इमारत झाली. रस्ता मात्र तो म्हणाला तिथेच आहे, त्याच्यावर आता रिक्षा उभ्या असतात.

विनया : भाऊजी, तुमची काही हरकत आहे का सहीला?

आत्माराम : माझी? सुरुची म्हणेल तिथे सही. आणि वाटणी तर झालेलीच आहे. चंदनसार आमचं, माणिकपूर तुमचं.

सुरुची : कागदावर कुठे झाली?

आत्माराम : कागद करू म्हणून मीच म्हणालो होतो. बाबा केवढ्याने ओरडले! ‘देवाने वाटणी केली, आणि आता वरून वकिलाची सही? देवापेक्षा वकील मोठा का रे?’ त्यांच्यापुढे कोण बोलणार?

विनया : गावाकडच्या रिवाजाप्रमाणे कौल लावला होता त्यांनी. देवाच्या दोन्ही खांद्यांवर ओली फुलं लावली. उजवं आधी पडलं तर मोठ्याला चंदनसारचा नवा फ्लॅट, डावं पडलं तर मोठ्याला माणिकपूरची खोली. असंच ठरलं होतं ना वहिनी?

सुरुची : असंच.

आत्माराम : आणि उजवं पडलं. मी तर डोळे मिटून बाबांच्या गाऱ्हाण्याला ‘होय महाराजा’ म्हणत होतो. डोळे उघडले तर ही म्हणाली, उजवं पडलं. झाली वाटणी, पाच मिनिटांत. इतर घरांत कोर्टात वीस-वीस वर्षं जातात.

विनया : म्हणून म्हणते, आता फक्त तेवढा कागद—

आत्माराम : थांब, टँकरचा हॉर्न वाजला. खाली गेलो नाही तर तळमजल्यावरचे तिघं मिळून सगळं ओढून घेतील. कळशा कुठे आहेत गं?

सुरुची : मोरीत. आणि जिने सावकाश चढा.

(आत्माराम कळशा घेऊन खाली जातात. दार उघडंच राहतं.)

विनया : वहिनी, स्पष्ट बोला. तुमच्या मनात काय आहे?

सुरुची : माझ्या मनात काय असणार? कायद्याने अर्धी खोली ह्यांची आहे. अर्धी आम्हाला द्या. जितेशचं होईल काहीतरी स्टेशनजवळ.

विनया : आणि ह्या फ्लॅटचं अर्धं?

सुरुची : हा ह्यांच्या एकट्याच्या नावावर आहे.

विनया : पैसे मामंजींच्या फंडाचे होते.

सुरुची : फंड त्यांचा होता. फ्लॅट देवाने दिला.

विनया : मग ती खोलीही आम्हाला देवानेच दिली! एकाच कौलाने दिली. तुमचा फ्लॅट देवाचा आणि आमची खोली कायद्याची, असं कसं वहिनी?

सुरुची : आवाज नको चढवूस. देवघर उघडं आहे.

विनया : चढवत नाही. पण तुम्ही हे बोलाल असं वाटलं नव्हतं. सगळ्या नात्यात तुमचं नाव निघतं. रोजचा नेम, एकशे आठ दूर्वा, सोमवारचं मौन. हे लोकांना सांगतात, आमच्या वहिनींच्या पुण्याईवर घर चाललंय.

सुरुची : तसं असेल तर मग पुन्हा विचारू देवाला. तोच टाक आहे, मामंजींच्या हातचा. फुलं आहेत सकाळची. लावू पुन्हा कौल. जे पडेल ते पडेल. तयार आहेस?

विनया : तयार आहे. आत्ता लावा.

सुरुची : आत्ता?

विनया : आत्ता. हात धुऊन येते मी. फक्त ह्या वेळी मी समोर बसते. डोळे उघडे ठेवून.

सुरुची : उघडे म्हणजे? कौलाला डोळे मिटायचे असतात.

विनया : त्या दिवशीही माझे उघडेच होते, वहिनी.

सुरुची : …काय म्हणालीस?

विनया : मी नैवेद्याचं ताट घेऊन दारात उभी होते. ओट्यावर दूध उतू जाईल म्हणून एक लक्ष तिकडे, एक इकडे. तुम्ही पुढ्यात बसला होतात. मामंजींचं गाऱ्हाणं चाललं होतं. डावं फूल पडलं. तुम्ही ते उचललंत, परत खांद्यावर चिकटवलंत, आणि बोटाने उजवं खाली पाडलंत.

सुरुची : विनया…

विनया : हात मागे घेताना तुमची अंगठी ताम्हणाला लागली, तेवढाच आवाज झाला. मामंजींना वाटलं फूल पडलं.

सुरुची : फुलाचा आवाज होत नाही.

विनया : नाही होत. मलाही तेव्हाच वाटलं ते.

सुरुची : बारा वर्षं. बारा वर्षं तुला ठाऊक होतं. माझ्या पाया पडायचीस संक्रांतीला. हळदीकुंकू लावून घ्यायचीस.

विनया : मोठ्या आहात.

सुरुची : बोलली का नाहीस?

विनया : तुम्ही का केलंत, ते आधी सांगा.

सुरुची : देवघरासाठी. हसशील तू. माणिकपूरला देव फ्रिजवर होते. मागे मोरीची भिंत. घंटा वाजवायची आणि पलीकडून नळाचा आवाज. इथे पहिल्यांदा आले तेव्हा ही कोपऱ्यातली जागा पाहिली, पूर्वेला तोंड, खिडकीतून ऊन सरळ आत. मला वाटलं, देवालाच बरं घर मिळतंय, तर देव रागावणार नाही. कौल लावला त्या दिवशी रात्रभर झोप नाही. दुसऱ्या दिवसापासून दूर्वा सुरू केल्या. लोकांना वाटतं मी किती करते. मी करत नाही गं. फेडते.

विनया : बारा वर्षं फेडताय?

सुरुची : आणि दरवर्षी पावसात तुझा फोन यायचा. छत गळतंय, प्लास्टर पडलं, भिंतीला बुरशी आली. मी तोंडाने म्हणायचे, ‘अगं बाई!’ आणि आत… आत मला बरं वाटायचं. वाटायचं, देवाने मला माफ केलं. नाहीतर त्याने तुला त्रास आणि मला ऊन कशाला दिलं असतं? मघाशी तुला उगाच विचारलं, परवाच रमेशभाऊजी फोनवर म्हणाले, पाचशे साठ, अकरावा मजला. मी फोन ठेवला आणि देवघरासमोर जाऊन बसले. दिवा लावायला हात होईना. पाप मी केलं, आणि फळ तुला?

विनया : मीही काही धुतलेल्या तांदळासारखी नाही.

सुरुची : तू काय केलंस? उभी तर होतीस.

विनया : उभी राहिले, तेच. मला माणिकपूरच हवं होतं वहिनी. शाळेच्या ऑफिसात चालत जायचे मी, सात मिनिटांत. आई पलीकडच्याच गल्लीत, अंथरुणाला खिळलेली. डावं पडलं तेव्हा मला वाटलं, संपलं, आता विरारला जावं लागणार. आणि तुमचा हात पुढे आला. मी ताटातला नैवेद्य सांडेल इतकी घाबरले होते, पण तोंड उघडलं नाही. तुमच्या त्या हाताला मनात नमस्कार केला.

सुरुची : नमस्कार केलास?

विनया : केला. आई अजून तीन वर्षं जगली. रोज तिला न्हाऊ घालून कामाला जाता आलं. ते तुमच्यामुळे.

सुरुची : बघ. ते पुण्यही तुझ्याकडेच गेलं.

विनया : पुण्याचं मला कळत नाही. तुम्ही फूल फिरवलंत, मी गप्प बसले. दोघींना हवं ते मिळालं. बारा वर्षांनी माझं जास्त निघालं, एवढंच.

सुरुची : एवढंच?

विनया : तुम्हाला एवढंसं वाटत नाही ते दिसतंय मला. वहिनी, मी हे कुणाला सांगणार नाही. ह्यांनाही नाही. अर्धी खोली हवी असेल तर मागा. मी ह्यांना समजावीन, भांडणार नाही. जितेशची ओढाताण मलाही दिसते. पण देवाने दिली म्हणून मागू नका. कायद्याचं नावही काढू नका. मला हवी, म्हणून मागा. मी देते.

(सुरुची पेढ्यांच्या डब्याचं झाकण लावते.)

विनया : मागा ना.

सुरुची : तसं नाही मागता येत गं मला. सवय नाही. देवाचं नाव न घेता मी आजवर मीठसुद्धा मागितलं नाही कुणाकडे.

विनया : भाऊजी आले वाटतं.

आत्माराम : चार कळशा! तळमजलेवाल्यांचं तोंड बघायला हवं होतं. ती खालची मर्सी म्हणते, ‘अंकल, तुमी रिटायर हाय की पैलवान?’ …काय झालं? दोघी अशा गप्प का? भांडलात?

विनया : नाही भाऊजी.

आत्माराम : मग ठरलं काही? रमेशला काय सांगू?

सुरुची : विनया, किती वाजता जायचं आहे रजिस्ट्रारकडे?

विनया : उद्या दहाला. पण वहिनी, तुम्ही—

सुरुची : दहाला येतो आम्ही. अहो, तुमचं आधार कार्ड कपाटातल्या वरच्या कप्प्यात आहे, काढून ठेवा.

आत्माराम : येतो की. मग आपण सही करतोय?

सुरुची : करतोय. निळ्या शर्टाला इस्त्री करून ठेवते. तिथे फोटो काढतात. तुम्ही हसा फोटोत, मला काही जमायचं नाही.