पाचाचा दोन

मान खाली, बाई, अजून खाली — हां, अश्शी. तर काय सांगत होते, सात प्रश्न! सातातले कोणतेही दोन निवडा, प्रत्येकावर पाचशे शब्द लिहा, मग ते कॉलेज ठरवणार पोरीला आत घ्यायचं की नाही. नुसत्या मार्कांवरून माणूस कळत नाही म्हणे. सतरा वर्षांचा माणूस! मला चाळिशीतला नवरा शेजारी झोपून कळला नाही, आणि यांना पाचशे शब्दांत कळणार — हसू नका, कात्री आहे हातात. आणि प्रश्न तरी कसले! एक — आयुष्यातलं मोठं अपयश. म्हणजे ओळख ना पाळख, आल्या आल्या अपयश काढा. दोन — आवडता छंद. तीन — जग बदलायचं तर कुठून सुरुवात कराल? मी म्हटलं, लिही, स्वतःच्या खोलीपासून. चौथा दोघींनी वाचला, दोघींनाही कळला नाही. आणि पाचवा — घरातल्या कोणत्या प्रसंगानं तुम्हाला लवकर मोठं केलं? तुम्हाला काय करायच्यात हो आमच्या घरातल्या गोष्टी? पण आमच्या कन्यारत्नानं नेमका तोच धरला! एक सहावा, आवडत्या शिक्षकांवरचा — त्यात तुम्ही आहात, छान लिहिलंय, वर्गात तुमचा चष्मा हरवतो त्यासकट — आणि दुसरा हा. मी म्हटलं, बये, छंदावर लिही, चित्रं काढतेस ना? तर म्हणते, आई, तो सगळेच लिहितात. अतिशहाणा त्याचा बैल रिकामा, दुसरं काय.

डोळे मिटा, पुढचे कापतेय. तर आता झालंय काय — तुमच्या कानावर आलंच असेल — अर्ज गेला तो प्रश्न चुकून. उत्तर पाचव्याचं आणि खूण दुसऱ्यावर. म्हणजे वर विचारलंय, तुमचा आवडता छंद कोणता, आणि खाली आमची पोरगी लिहिते, मी अकरा वर्षांची असताना बाबा घर सोडून गेले आणि आई बारा दिवस अंथरुणातून उठली नाही. काय पण छंद! वाचणाऱ्यानं कपाळावर हात मारला असेल. पाठवल्यावर प्रत आली तेव्हा तिला कळलं, तीन दिवस रडतेय — माझीच चूक, मीच नीट बघितलं नाही, एवढंच चाललंय. धड जेवत नाही. म्हणून म्हटलं, तुम्ही केस कापायला आलाच आहात, तर त्या कॉलेजात जरा शब्द टाका.

काय? नाही हो, मी कशाला वाचू? म्हणजे — वाचला. उघडाच होता इथल्या दुकानातल्या कॉम्प्युटरवर, ती आंघोळीला गेली होती. बाई, तिनं तेव्हा दुकानाच्या दारावर चिठ्ठी लावली होती, 'आई लग्नाला गेली आहे' — तेसुद्धा लिहिलंय. बारा दिवस कुणाचं लग्न चालतं? आणि सातव्या दिवशी पलंगापाशी बादली आणून तिनं माझे केस धुतले, तेसुद्धा. अख्ख्या गल्लीचे केस मी धुते, आणि हिनं लिहावं की माझे — झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात, ती हिनं परक्यांपुढे उघडली. मला लाज वाटली, बाई. सहा वर्षं मला वाटत होतं, ती विसरली.

मग काय, मग केलं. नंबर बदलला. पाचाचा दोन. मला वाटलं, वरचा प्रश्न बदलला की खालचं सगळं पुसलं जातं, मग बसेल बापडी छंदावर लिहायला. मला काय माहीत, ते जिथल्या तिथे राहतं! ती केस पुसत आली, घाईत होती, बटण दाबून मोकळी झाली. मी इथेच होते, टॉवेलच्या घड्या घालत. बोलले नाही काही. तेव्हाही नाही आणि नंतरही नाही.

आरशातून असं बघू नका माझ्याकडे. काय म्हणालात, दुरुस्ती होते? खरंच? आज पाचपर्यंत? मग अडलंय कुठे, आणा कागद, मी सही करते. तिनंच लिहायचं? चूक कशी झाली तेही? मग लिहील की, मी घाईत होते म्हणून. तिला तेवढंच माहीत आहे. एका ओळीचं काम आहे, त्यात काय —

हं.

माझी चूक, आणि सही तिची. बरं दिसेल ना? केस कापणारीची मुलगी बावळट, लिहून दिलंय तिनं स्वतः. किती वाजले? साडेतीन? तुमच्या डोक्याआड घड्याळ आहे, जरा सरका. साडेतीनच.

छकुले! ए छकुले, खाली ये गं! नाही, जेवायला नाही. ये म्हणते ना. — उठा बाई, उठा. हो, दिसतंय मला, डावी बाजू राहिलीय, स्कार्फ बांधा, तो टॉवेलही राहू द्या गळ्यात. उद्या या, नीट करून देते. नाही, तुम्ही थांबू नका, तुम्ही असलात की मी पुन्हा काहीतरी विनोद करीन. जिना वाजतोय. जा हो, जा म्हणते ना!