पिवळं वांगं कोनी नेलं

माझं नाव सिंधू. माहेर रावेरकडचं. आमचे बाबा दुसऱ्याच्या केळीत पानी भरायले जात आन घरामागं आमचा येवढासा तुकडा व्हता, त्यात आई भाजीपाला लावे, तिथंच मी लहानाची मोठी झाली. पन आधी मले सांगा ताई, हे लिहून तुमी काय करनार? कोनाले दाखवनार? नाही, तुमच्यावर अविश्वास नाही, पन मानसानं विचारून घ्यावं. मागं एक बाई आली व्हती, तुमच्यासारखीच गोड बोले, मावशी तुमचे वांगे किती छान म्हने, आन दोन दिवसांनी तिची बकरी आमच्या वाफ्यात. तिनंच सोडली असं मी म्हनत नाही. बकरी तिची व्हती, येवढंच सांगते.

लग्न होऊन पिंप्राळ्यात आली. आमचे हे रिक्षा चालवत, अजून चालवतात. मी डाळमिलमध्ये लागली, डाळ निवडायले. दिवसभर सुपात डोळे. खडा सापडला तर बरं वाटे, आन नाही सापडला तर मले चैनच पडत नसे, म्हनजे हा कुठंतरी दडून बसला हाये. हे म्हनतात तुझा सभाव तिथूनच असा झाला. यांचं काय, हे रिक्षात कोनालेही बसवून घेतात, कुठून आला, कुठं चालला, काही विचारत नाही. घरात एकानं तरी विचारनारं पाहिजे का नाही?

तर आमच्या कॉलनीत मधोमध मोकळी जागा हाये, बठ्ठे लोक तिले ओपन स्पेस म्हनतात. तिथं आधी गाजरगवत कमरेयेवढं, कचरा, डुकरं. पोस्टातून रिटायर झालेले नाना हायेत, त्यांनी डोकं लावलं की आपन ही जागा साफ करू, बोअरचं पानी हायेच, ज्याले हौस असेल त्यानं एक एक वाफा घ्यावा आन भाजी लावावी. नाना दोरी घेऊन वाफे मोजायले लागले तर मी शेवटपर्यंत दोरीचं दुसरं टोक धरून उभी. तरी माझा वाफा आखूडच निघाला, भिंतीजवळचा. नाना म्हने, सिंधूताई, सगळे सारखे हायेत, तुमी आता भिंतीची सावली बी मोजता का? मी म्हनलं मोजते. सावलीत भेंडी येती का?

माझ्या शेजारचा वाफा रुख्माअक्काचा. ती एरंडोलकडची, तिची बोली आमच्यापेक्षा वेगळी, आमी हाये म्हनतो, ती शे म्हनते. मी तिले चिडवे, की तुझं शे शे ऐकून चिमन्या उडून जातात, औषद मारायची गरज नाही. ती हसे. एकटीच राहे, मालक वारलेले, लेक सुरतेले कारखान्यात. रोज सकाळी आमी दोघी बांधावर बसून चहा पेत असू, थर्मास तिचा, खारी माझी. इतक्या वर्षांत ती एकच बाई, जिच्यासमोर मी पाकीट उघडं ठेवून पानी धरायले गेली असेन. तरी पहिल्या साली मी जातांना मागं पाहे, खोटं कशाले सांगू.

भाजी लावनं सोपं नाही ताई. लोकाले वाटतं बी टाकलं, पानी टाकलं, झालं. पहिल्या साली कोनीतरी ट्रॉलीभर शेनखत फुकट आनून टाकलं, बठ्ठे खूश, मी म्हनलं फुकट कोन कशाले देतो? मी हात नाही लावला. आन पहा, त्यात हुमनी निघाली, ही अशी पांढरी जाड अळी, तिनं सगळ्यांच्या मिरचीच्या मुळ्या खाल्ल्या. तेव्हापासून खत आनलं की मी आधी उन्हात पसरून काडीनं चाळून पाहाते. मिरचीचे पानं आकसले की समजायचं पानाखाली कोनीतरी बसलं हाये, उलटं करून पाहायचं. गिलक्याच्या वेलावर मावा आला तर सकाळी दव असतांना चुलीची राख भुरकायची. आन वांग्याचा शेंडा मान टाकून लोंबला तर तो उन्हानं नाही लोंबला, त्याच्या आत अळी हाये, तो तेवढा खुडून लांब नेऊन जाळायचा, तिथंच बांधावर टाकला तर ती बाहेर येऊन दुसऱ्या झाडावर चढते. नाना म्हने पानी कमी पडलं असेल. मी म्हनलं चिरून पाहा.

आता वांग्यांचं सांगते. आमच्याकडचं भरिताचं वांगं तुमी खाल्लं का? हिरवं, पांढुरकं, हातात मावत नाही असं, बिया कमी, कापसाच्या काड्यांवर भाजलं की आतून लोन्यासारखं निघतं. ते बियानं माझ्या आईचं. आई गेली, भावानं तो तुकडा मोडून तिथं केळी लावली, वांगे काय इकतच आनतो आता. गावात ज्याच्या त्याच्याकडे दुकानातलं बियानं. म्हनजे माहेरातून ते वांगं गेलं, राहिलं फक्त माझ्या भिंतीजवळच्या वाफ्यात. आन म्हनून मी ते कोनाले देत नव्हती. रुख्माअक्कानं दोनदा मागितलं. मी म्हनलं देईन देईन आन नाही दिलं. कारन सांगते, ती मनानं मोकळी, ती आनखी चौघींले वाटनार, त्या चौघी दुकानातल्या वांग्याशेजारी लावनार, सरमिसळ होनार आन आईचं वांगं जानार. माझं काही चुकलं का?

बियान्यासाठी एक चांगलं वांगं झाडावरच ठेवावं लागतं, तोडायचं नाही, ते पिवळं होऊ द्यायचं. मी त्याच्या देठाले लाल चिंधी बांधते. त्या साली एकच ठेवलं, बाकीचे किडले. शिमग्याच्या आधी रावेरले भाच्याचं लग्न निघालं, जानं भागच व्हतं. हे म्हनले मी पाहीन वाफा. यांच्या भरोशावर मी गेली, आन परत आली तर पाऊस पडून गेलेला, अवकाळी, आन देठ रिकामा. चिंधी खाली चिखलात.

मग मी बसली आन इचार केला. खानारानं नेलं असतं तर हिरवं नेलं असतं, बाजूले नवे हिरवे दोन लटकलेले व्हतेच. पिवळं वांगं कडू, ते कोनी खात नाही. पिवळं नेलं म्हनजे बियान्यासाठीच नेलं, आन देठ विळ्यानं नीट कापलेला, म्हनजे जनावर नाही, जानकार मानूस. मी तिथंच उभी राहून ओरडली. ज्या चोरट्या रांडेनं माझ्या आईचं बियानं नेलं तिच्या वाफ्यात काही उगवनार नाही, असं आनखी पुष्कळ. बठ्ठी कॉलनी गच्चीवर आली. नाना म्हने सिंधूताई, जीभ आवरा. मी नानांच्याच हाताकडे पाहिलं, विळा कोनता वापरतात म्हनून.

दुसऱ्या दिवसापासून रुख्माअक्का चहाले आली नाही. मी म्हनलं, अच्छा.

तरी एकदम आरोप करनारी मी नाही. मी युक्ती केली. डब्याच्या तळाशी राखेत आधीच्या सालचं मूठभर जुनं बियानं व्हतं, त्यातलं निम्मं उगवलं नाही, उरलं त्याची रोपं केली. आन आखाड लागला तेव्हा नानांले सांगितलं, व्हॉट्सॲपवर टाका, सिंधूबाई भरिताच्या वांग्याची रोपं फुकट देते, या आन घेऊन जा. हे तर पाहतच राहिले, म्हने तुले ताप आला का? ताप नाही. ज्याच्याकडे माझं बियानं आधीच हाये, तो माझ्याकडे रोपं मागायले कशाले येईल? जो येनार नाही, तो चोर. एकेक रोप देतांना माझा जीव तुटत व्हता, पन देत गेली आन तोंडं पाहात गेली. बठ्ठे आले. नाना आले. बकरीवाली बी आली, तिचा वाफा बी नाही. नाही आली फक्त रुख्माअक्का.

मी रात्र होऊ दिली नाही, दुपारीच तिच्या दारात गेली. म्हनलं, रोपं नको का तुले? ती म्हने नको. म्हनलं का नको? ती आत गेली आन फडक्याची गाठ घेऊन आली, माझ्या हातावर ठेवली. सोडली तर राखेत घोळलेलं बियानं, वाळवलेलं, चांगलं भरलेलं. माझं तोंड उघडलं तर ती म्हने, थांब. तू रावेरले गयी, पाऊस उना, तुना वांगाले अळीनं भोक पाडं व्हतं, सडी जातं. मी कापं, धुवं, सुकाडं. तुले ते बियानं देवाले येत व्हती, तं तू तठे उभी राहीसन माले चोर म्हनत व्हती, बठ्ठा लोकेसमोर. मी म्हनलं, तुझं नाव नव्हतं घेतलं. ती म्हने, बाजूले वाफा कोना शे? आन दार लावलं.

मले सांगा, तिनं तेव्हाच ओरडून सांगितलं असतं तर? मनात ठेवून बसली ना ती? आन खरं सांगते, गाठ घेऊन घरी आली तर पहिला इचार हाच आला की हिनं यातलं अर्धं ठेवून घेतलं असेल. मग पुढचं सगळं साल मी तिच्या वाफ्यावर डोळा ठेवला. तिच्या वाफ्यात गिलके व्हते, चवळी व्हती, मिरची व्हती, झेंडू व्हता. वांग्याचं एक रोप नव्हतं. एक दाना तिनं ठेवला नव्हता ताई. ते पाहून मले इतकं वाईट वाटलं की मी चहा सोडून दिला, असं नाही, पन घरीच पिऊ लागली.

बोलनं बंद, पन वाफे शेजारी. तिच्या गिलक्यावर मावा आला तर मी राख भुरकून आली, ती दिसायच्या आत. तिनं माझे लोंबलेले शेंडे खुडून नेले, मले माहीत हाये, तिच्याशिवाय तसं नखानं कोनी खुडत नाही. दोघी एकमेकींच्या वाफ्यात जात व्हतो आन दोघी तोंड फिरवत व्हतो. हे म्हनत, जा ना, बोल ना. मी म्हनलं, ती का नाही बोलत?

मग तिचा लेक आला सुरतेहून, आईले घेऊन जातो म्हने, आता एकटं ठेवत नाही. घर भाड्यानं दिलं. स्टेशनवर आमच्याच रिक्षात गेले. मी बी बसली, कोनी बोलावलं नव्हतं, पन रिक्षा आमची हाये. लेक पुढं, यांच्याजवळ. रस्ताभर ती बाहेर पाहे आन मी खाली. स्टेशन आलं, सामान उतरलं, तशी ती वळली आन म्हने, सिंधू, आते तरी बियानं देशी का माले?

मी कमरेची पिशवी सोडली. गाठ तशीच व्हती, तिच्याच फडक्यात, सकाळीच बांधून घेतली व्हती, पन तिनं मागितल्याशिवाय मी कशी देऊ? अर्धं नाही ताई, बठ्ठं दिलं. ती रडली, मी बी रडली, लोक पाहात व्हते तर पाहू दे म्हनलं. मले उगवायले काय, आता कॉलनीत ज्याच्या त्याच्याकडे तेच वांगं हाये, सरमिसळ करतातच लेकाचे, मी रोज जाऊन पाहाते.

तिचा वाफा मीच सांभाळते. त्यावर पुष्कळांचा डोळा हाये, नानांचा बी असेल, पन मी सांगून ठेवलं, अक्का येनार हाये. देव तिले सुखात ठेवो, लेकाच्या घरी दोन घास मानानं मिळो. आठव्या मजल्यावर राहाते ती, एक गॅलरी हाये, त्यात कुंड्या. रोज सकाळी चहाच्या टायमाले फोन करते. म्हनते, आठे गॅलरीमा ऊन शे, वारा शे, वांगा बी लागी गयात, मी मजामा शे. म्हनलं फोटो पाठव. म्हने मोबाईल बिघडेल शे. आता तुमीच सांगा ताई, बिघडलेल्या मोबाईलवरून रोज फोन कसा येतो? मजेत शे म्हनते. मले तिच्या बोलन्यावर काडीचा भरोसा नाही. या दिवाळीनंतर मी स्वतःच जाऊन पाहानार हाये.